घरखर्च आणि चालणं एकाच पानावर: स्वतःचा डॅशबोर्ड कसा मांडायचा

पगार एक तारखेला होतो आणि वीस तारखेच्या आसपास घरात कोणीतरी विचारतं, "पैसे गेले कुठे?" आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात या प्रश्नाला चार उत्तरं होती. बाबांच्या मते पेट्रोल, आईच्या मते बाहेरचं खाणं, बायकोच्या मते आहेर आणि सण, माझ्या मते नुस्त्याचे, म्हणजे मासळीचे, दर. आकडा कोणाकडेच नव्हता. त्याच सुमारास डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलं, आणि आठवड्याने "किती चाललात?" असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "चालतो की रोज." इथेही आकडा नव्हताच.

जून २०२४ पासून आम्ही दोन्ही गोष्टी लिहू लागलो आणि एकाच पानावर मांडू लागलो. सगळे आकडे एका नजरेत दाखवणारं असं पान म्हणजेच डॅशबोर्ड. ज्यांनी आजवर असं काही केलेलं नाही, त्यांच्यासाठी ही रीत सांगतो. एक फोन, गुगलचं खातं आणि पहिल्या दिवशी दोनेक तास संगणक, एवढं पुरतं. खर्च मोजणारी तयार ॲप्स भरपूर आहेत, पण त्यांत चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, खण नसतो. पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, महिन्याचं बिल कुठे घालायचं तेही कळत नाही. शिवाय ॲप बंद पडलं की वर्षभराच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. म्हणून मी साध्या गुगल शीटच्या, म्हणजे आपोआप बेरजा करणाऱ्या तक्त्याच्या, बाजूचा आहे.

आधी प्रश्न लिहा

फोन हातात घेण्याआधी कागदावर दोन प्रश्न लिहा, एक पैशाचा आणि एक शरीराचा. "खर्चावर नियंत्रण हवं" हा प्रश्न होत नाही, कारण त्याचं उत्तर कुठल्याच आकड्यात येत नाही. "दुपारचं जेवण बाहेर घेण्यात महिन्याला किती जातात?" हा प्रश्न. "पावसाळ्यात माझं चालणं किती कमी होतं?" हाही प्रश्न. या दोन प्रश्नांना जे लागत नाही ते लिहायचंच नाही.

माझी पहिली शीट या कारणाने पंधरा दिवसांत बंद पडली. तीत खर्चाचे तेवीस वर्ग होते. कोथिंबीर भाजीत घालायची की किराण्यात, यावर मी बसमध्ये विचार करत बसायचो. आता आठ वर्ग आहेत: घरचं जेवणखाण, बाहेरचं खाणं, प्रवास, बिलं, औषधपाणी, मुलांचं शिक्षण, सण-आहेर आणि इतर. नुस्तं घरच्या जेवणखाणात येतं, पण त्याच्यापुढे शेऱ्यात 'नुस्तं' एवढा शब्द लिहितो, म्हणजे हवं तेव्हा वेगळं काढता येतं. 'इतर'मधली रक्कम एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाच्या वर गेली तर एखादा वर्ग राहून गेलाय असं समजावं.

नोंद दहा सेकंदांत झाली पाहिजे

फोनवर थेट शीट उघडून बारीक खणात बोट टेकवत बसलात तर हे काम आठवड्यात सुटेल. त्याऐवजी गुगल फॉर्म करा. पाच प्रश्न पुरे: तारीख, रक्कम, वर्ग, पैसे कसे दिले (रोख, यूपीआय, कार्ड) आणि शेरा. वर्ग आणि पैसे देण्याची रीत यांना पर्याय देऊन ठेवा, म्हणजे टाइप करावं लागत नाही. रकमेच्या प्रश्नाला 'फक्त संख्या' अशी अट लावता येते, ती नक्की लावा. नाहीतर कोणीतरी '१२०/-' लिहितं, शीट ते अक्षर समजते आणि बेरजेत ती रक्कम गुपचूप गळते. त्याच कारणासाठी अंक इंग्रजी कीबोर्डवरून टाका, रुपयाचं चिन्ह किंवा स्वल्पविराम नको.

फॉर्म नोंदीची वेळ आपोआप लिहितो. तरी तारखेचा प्रश्न वेगळा हवा, कारण रात्रीचा खर्च आपण बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी भरतो.

मग फॉर्ममधल्या प्रतिसादांच्या भागात जाऊन तो नव्या शीटला जोडा. फॉर्मची लिंक फोनच्या क्रोममध्ये उघडा आणि तीन टिंबांच्या यादीतून ती होम स्क्रीनवर ठेवा. आता ते ॲपसारखं दिसतं. घरातल्या दुसऱ्या कमावत्या किंवा खर्च करणाऱ्या माणसाच्या फोनवरही तसंच ठेवा, आणि 'कोणी' हा सहावा प्रश्न वाढवा.

फॉर्मला इंटरनेट लागतं. जिथे रेंज जाते तिथे मी तिकिटाच्या मागे आकडा लिहितो आणि घरी भरतो.

रोख पैसा

खरी गळती इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

यूपीआयचा प्रत्येक व्यवहार बँकेच्या खात्यात दिसतो. पण सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येणारा पोदेर, बसस्थानकावरचा भाजी-पाव, पायलटच्या (भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या) मागे बसून गाठलेलं ऑफिस, देवळातली दक्षिणा, जत्रेतलं खाजं, हे बहुतेक रोखीत जातं. मासळीवाल्या बाईंकडे आता क्यूआर कोड असतो, तरी सुटे पैसे दिले तर त्यांनाही बरं वाटतं. बँक याबद्दल एवढंच सांगते की पाच तारखेला एटीएममधून ३,००० रुपये काढले.

पहिल्या महिन्यात मी एटीएमची रक्कमही खर्च म्हणून लिहिली आणि त्याच रोखीतून घेतलेलं नुस्तंही. महिन्याचा खर्च पगारापेक्षा जास्त आला. दोन संध्याकाळी शोधल्यावर कळलं की एकच पैसा दोनदा मोजला होता. तेव्हापासूनचे नियम असे:

एटीएममधून काढलेली रक्कम खर्च धरायची नाही. पैसा फक्त बँकेतून पाकिटात आला.

क्रेडिट कार्डाने वस्तू घेतली त्या दिवशीच खर्च लिहायचा. पुढच्या महिन्यात कार्डाचं बिल भरलं की ते पुन्हा लिहायचं नाही. त्यातलं व्याज किंवा दंड तेवढा लिहायचा, आणि लाल रंगात.

आवर्त ठेव, एसआयपी किंवा स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे ही बचत. त्यांना वेगळा रकाना.

आणि रविवारी पाकीट मोजायचं. समजा ३,००० काढले, आठवडाभरात रोखीच्या नोंदी २,१०० च्या झाल्या. पाकिटात ९०० हवेत, पण निघाले ४००. उरलेले ५०० 'हिशेब लागला नाही' म्हणून एका ओळीत लिहून टाका आणि पुढे चला. ते आठवण्यासाठी अर्धा तास घालवू नका, घरातल्या कोणाला उलट विचारूही नका. पहिल्या महिन्यात ही रक्कम मोठी येते. नोंदीची सवय लागली की ती आपोआप उतरते, आणि ती उतरताना बघणं हीच नोंदींच्या खरेपणाची कसोटी आहे.

बेरजा मांडणं

फॉर्ममधून जिथे नोंदी जमा होतात त्या पानाला हात लावू नका. दुसरं पान उघडा, त्याला 'फलक' नाव द्या. सूत्रं येत नसतील तर पिव्हट टेबल, म्हणजे नोंदींच्या गटवार बेरजा करून देणारी शीटमधलीच सोय, पुरतं: ओळींत तारीख, रकान्यांत वर्ग, किमतीत रकमेची बेरीज. तारखेवर उजवी क्लिक करून वर्ष-महिन्याचा गट करता येतो, की लगेच महिनावार तक्ता तयार होतो. हे काम फोनवर करायला जाऊ नका, संगणकावरच करा. नंतर बघायला फोन चालतो.

महिना मध्यावर असताना उपयोगी पडणारा आकडा एकच: आजवर किती जायला हवे होते आणि किती गेले. ठरलेली बिलं, हप्ते आणि किराण्याची मोठी खरेदी बाजूला काढा. त्यानंतर बदलत्या खर्चासाठी समजा १२,००० उरतात. तीस दिवसांच्या महिन्यात दहा तारखेला ४,००० पर्यंत ठीक. साडेपाच हजार झाले असतील तर दहा तारखेलाच कळतं. वीस तारखेला कळून फारसं काही करता येत नाही. किराणा बाजूला का काढायचा, तर तो पहिल्या आठवड्यातच भरला जातो आणि दर महिन्याला उगाच घाबरवतो.

वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी 'बाराव्या हिश्शाची पेटी' करा. उदाहरणादाखल: आरोग्य विमा ९,६००, स्कूटरचा विमा २,४००, जूनमध्ये शाळा १२,०००, चवथ १८,०००. बेरीज ४२,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. ही रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायची आणि ते ते खर्च तिथूनच करायचे. आमच्या घरातली चवथीच्या आधीची ताणाताण या एका ओळीने गेली.

चवथ ऑगस्टमध्ये की सप्टेंबरमध्ये?

तयार डॅशबोर्ड या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करतात. आपल्याकडे ती फसते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. बाजारात ताजी मासळी कमी, दर चढे, आणि मग खारवलेल्या सुक्या मासळीवर घर चालतं. तेव्हा मेशी जूनची तुलना करून स्वतःला उधळे ठरवण्यात काही अर्थ नाही. ज्यांचं उत्पन्न पर्यटनावर आहे, टॅक्सी, खोल्या भाड्याने देणं, किनाऱ्यावरचं काम, त्यांच्या तर जमेचाच महिना वेगळा असतो. त्यांनी खर्चाआधी उत्पन्नाची बारा महिन्यांची सरासरी काढावी आणि घर त्या सरासरीवर चालवावं.

यावर सरळ उपाय म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना. आम्हीही ती केली, आणि ऑगस्ट २०२५ चा आकडा बघून घाबरलो. गेल्या ऑगस्टच्या दीडपट. मग बायकोने कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. २०२४ मध्ये चवथ ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांचं) सामान, नारळ, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) साहित्य, कपडे, गावच्या घराचा रंग, सगळं एका वर्षी सप्टेंबरात पडलं आणि दुसऱ्या वर्षी ऑगस्टात. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे आकडे पुन्हा सरकणार.

म्हणून फॉर्ममध्ये 'प्रसंग' हा प्रश्न घाला: नेहमीचं, चवथ, दिवाळी, शिगमो, जत्रा, लग्नकार्य, आजारपण. त्याचं उत्तर आधीपासून 'नेहमीचं' धरायचं, फक्त वेगळं असेल तेव्हा बदलायचं. मग पिव्हटमधून 'नेहमीचं' तेवढं गाळून बघा, महिने एका रांगेत येतात. आणि चवथीची तुलना चवथीशी होते, मग ती कोणत्याही इंग्रजी महिन्यात येवो. आमच्या सगळ्या मांडणीत सर्वांत जास्त उपयोगी पडलेला रकाना कोणता विचाराल तर मी हाच सांगेन.

शरीराच्या नोंदी

इथे चार गोष्टी पुरतात: पावलं, झोपेची आणि उठण्याची वेळ, आठवड्याला वजन, आणि ज्यांना गरज आहे त्यांचा रक्तदाब.

पावलं फोन मोजतो. अँड्रॉइड १४ पासून हेल्थ कनेक्ट फोनमध्येच असतं आणि वेगवेगळ्या ॲपमधल्या नोंदी त्यात जमा होऊ शकतात. आयफोनवर हेल्थ ॲप आहे. हे सगळं शीटला आपोआप जोडायच्या मागे नवख्यांनी लागू नये. रविवारी सात दिवसांचे सात आकडे हाताने उतरवा. उतरवताना ते नजरेखालून जातात, हाच फायदा.

आधी फोनची परीक्षा घ्या. खिशात ठेवून मनात मोजत शंभर पावलं चाला आणि आकडा बघा. मग पर्समध्ये ठेवून तेच करा. फरक किती पडतो ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं. चढ मात्र पावलांच्या आकड्यात दिसत नाही. पणजीच्या बसस्थानकावरून पाटो पूल ओलांडून मिरामारच्या दिशेने सपाट चालणं आणि आल्तिनोची चढण चढणं, दोन्हींची पावलं सारखी भरली तरी धाप वेगळी लागते. म्हणून शेऱ्यात 'चढ' लिहा.

दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. २०२२ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात पंधरा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. साठीच्या पुढच्यांना साधारण सहा ते आठ हजार पावलांनंतर, आणि त्याहून लहान वयाच्यांना आठ ते दहा हजारांनंतर, मृत्यूचा धोका आणखी फारसा कमी होताना त्यात दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. बाबांसाठी आम्ही दोन आठवडे काही न बदलता नुसतं मोजलं. सरासरी २,८०० आली. लक्ष्य ३,५०० चं ठेवलं, महिनाभराने ४,२०० चं. सुरुवातीलाच दहा हजार सांगितले असते तर त्यांनी फोन कपाटात ठेवला असता.

आई पावसाळ्यात रस्त्यावर चालत नाही, शेवाळ्याची भीती वाटते. ती देवळात जाऊन प्रदक्षिणा घालते, आणि फोन घरी असतो. एकदा मी तिच्याबरोबर जाऊन एका प्रदक्षिणेची पावलं मोजली, १४० भरली. आता ती घरी आल्यावर सांगते, "आज अकरा." मी १,५४० लिहितो. जुलैत तिची रेघ जी शून्याकडे जायची ती आता जात नाही, आणि मुळात ती कधी शून्य नव्हतीच, फक्त मोजली जात नव्हती.

वजन रोज एक-दीड किलोने इकडेतिकडे होतं. जेवणातलं मीठ आणि अंगातलं पाणी एवढ्यानेही काटा हलतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्यापिण्याआधी बघा. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. त्या तक्त्याचा छापील कागद डॉक्टरांकडे न्या. गोळीचं प्रमाण मात्र तक्ता बघून घरात बदलायचं नाही.

आलेखात रोजची रेघ नको, सात दिवसांची सरासरी काढा. रोजची रेघ रविवारी बुडते, सोमवारी उसळते आणि बघणाऱ्याला उगाच थकवते.

दोन्ही एका पानावर का?

कारण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्या आठवड्यांत माझी झोप सहा तासांखाली होती, त्या आठवड्यांत बाहेरच्या खाण्याचा आकडा चढलेला दिसला. उशिरा झोपलो की डबा होत नाही, बस चुकते, पायलट घ्यावा लागतो, नाश्ता बसस्थानकावर. खर्चाच्या वहीत हे 'खाणं' आणि 'प्रवास' म्हणून दिसलं असतं, आणि मी खाण्यावर चिडलो असतो. झोपेची वेळ अर्धा तास आधी आणली तेव्हा दोन्ही आकडे उतरले. अर्थात चार-पाच आठवड्यांवरून पक्का निष्कर्ष काढू नये. दोन-तीन महिने तोच मेळ दिसला तरच त्यावर काही ठरवा, आणि एका महिन्यात एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

ही माहिती कोण बघतं?

शीटच्या शेअरिंगमध्ये 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय कधीही ठेवू नका. ज्या दोघा-तिघांना बघायचं आहे त्यांचेच ईमेल घाला. खाते क्रमांक, पिन, पासवर्ड शीटमध्ये नकोत, त्यांची बेरजेला गरजच नसते. गुगल खात्याला दुहेरी पडताळणी लावा. महिन्यातून एकदा शीटची प्रत उतरवून संगणकात ठेवा. पैशाचं कोणतंही ॲप सगळे एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल तर दोनदा विचार करा, त्याच एसएमएसमध्ये ओटीपीही येतात.

अनेक बँकांची माहिती एकत्र हवी असेल तर अकाउंट ॲग्रिगेटरची व्यवस्था आहे. रिझर्व्ह बँकेने तिचे नियम २०१६ मध्ये केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती प्रत्यक्ष वापरात आली. माहिती कोणाला, कशासाठी आणि किती काळ द्यायची हे त्यात संमतीच्या पानावर लिहिलेलं असतं, आणि संमती मागे घेता येते. ते पान पूर्ण वाचल्याशिवाय 'मान्य' दाबू नका.

आणि घरातल्या घरातही मर्यादा हवी. आमच्याकडे प्रत्येकाला महिन्याला ठरावीक 'खाजगी' रक्कम आहे, जिचा शेरा लिहायचा नाही आणि कोणी विचारायचंही नाही. बायकोच्या खरेदीची उलटतपासणी करायला शीट वापरली, तर ती दुसऱ्या महिन्यात खोटी होईल. वजनाचा रकाना ज्याचा त्यालाच दिसावा असं कोणी म्हटलं तर त्याचं पान वेगळं करून द्या.

रविवारची वीस मिनिटं

पाकीट मोजणं, पावलं उतरवणं, 'नेहमीचं' गाळून बघणं आणि पुढच्या आठवड्याचा एक निर्णय. एवढ्याला वीस मिनिटं लागतात. रोज डॅशबोर्ड उघडून बघू नका, नोंद रोज आणि बघणं आठवड्याला.

खंड पडणारच. चवथीचे पाच दिवस गावच्या घरी असताना कोणी फॉर्म भरत नाही, भरूही नये. परत आल्यावर त्या दिवसांचा खर्च अंदाजाने एका ओळीत, 'प्रसंग: चवथ' म्हणून लिहा. पावलांचे, झोपेचे खण मात्र कोरेच सोडा, तिथे शून्य घालू नका. शीटमधलं सरासरीचं सूत्र कोरा खण सोडून देतं, पण शून्याला आकडा धरतं, आणि पाच शून्यांनी सगळा आठवडा खाली ओढला जातो. बाबांच्या तक्त्यात गेल्या चवथीचे पाच खण असेच कोरे आहेत, आणि शेऱ्यात त्यांनी स्वतः लिहिलंय: "आरत्या. उभा होतो."